वीतभर जागा

प्रज्वल म्हणतो, मालक, आता हे घ्यायलाच पाहिजे.
महिन्याला अठराशे, म्हणजे दिवसाला साठ,
म्हणजे एक पासपोर्ट सेट.
हिशेब माझ्याच कॅल्क्युलेटरवर करून दाखवतो.
अकोळ रोडच्या नव्या स्टुडिओनं घेतलंय,
चिकोडीच्या नवरदेवांमागं तर आता स्वित्झर्लंड असतं.

माझ्याकडे जुनं आहे, फुकटातलं.
कापता येतं, उजळता येतं,
डोळ्यांतला लाल ठिपका घालवता येतो.
आधार, रेशन, बिडी-कार्ड,
पांढऱ्या पडद्यापुढं हनुवटी थोडी खाली,
एवढ्यावर सव्वीस वर्षं
निपाणी माझ्या स्टुलावर बसून गेली.

त्याआधी वडिलांच्या वेळी स्टुडिओत एकच कोट होता.
चाळीस गावच्या नवऱ्यांनी तो घातला.
पाठीमागं टाचण्या लावून आवळायचा,
समोरून प्रत्येकाच्या मापाचा.
ते आमचं पहिलं सॉफ्टवेअर.

लेयर म्हणजे काय, प्रज्वल समजावतो:
एकावर एक काच. खालचं जात नाही, झाकतं नुसतं.
मी दारातनं पाटीकडे बघतो.
वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक,
आणि ऊन तिरपं आलं की
कन्नडच्या पोटातनं डोकावणारं
जुन्या निळ्या रंगातलं ‘रेणुका’.
कळलं रे, म्हणतो. पुढं सांग.

बुधवारी सुलाबाई मगदूम आली,
तंबाखूच्या वखारीतनं थेट.
मला लागोपाठ तीन शिंका.
पिशवीतून दोन फोटो निघाले.
तिचा, मीच काढलेला, बिडी-कार्डाचा.
आण्णूचा, साखर कारखान्याच्या पासावरचा,
अर्ध्या कानावर गोल शिक्का.
“दोघांचा मिळून एक करा.
एकत्र काढायचाच राहिला.”

ट्रायल सात दिवसांचं होतं. प्रज्वल बसला.
शिक्का गेला, कान परत आला.
उजेड तिच्यावर डावीकडनं, त्याच्यावर उजवीकडनं;
तेही त्यानं जुळवलं,
बैल वळवावा तशी सावली वळवली.
खांद्याला खांदा. स्क्रीनवर जोडपं झालं.

सुलाबाई वाकून बघत राहिली.
“एवढं चिकटून नको रे पोरा.
असं कधी बसलोच न्हाई आम्ही.
थोडी जागा सोड की मधी.”
किती?
तिनं टेबलावर वीत टेकवली,
अंगठ्यापासनं करंगळीपर्यंत,
तंबाखूनं काळी पडलेली.

आता गंमत बघा.
माणसं जोडायला वीस मिनिटं लागली होती.
त्या वीतभर जागेला दीड तास.
तिच्या मागं माझा पडदा,
त्याच्या मागं कारखान्याची भिंत,
मधलं कुठल्याच कॅमेऱ्यानं पाहिलेलं नव्हतं.
मी गुपचूप दुसऱ्या मशीनवर
जुन्यात करून बघितलं.
माझी जागा पांढरी पडली,
भिंतीची खपली निघावी तशी.
प्रज्वलच्या जागेत कुणालाही
हात टेकता आला असता.

सुलाबाईनं दोघांच्या तोंडाकडे बघितलंच नाही.
मधेच बघितलं. म्हणाली,
“चहाची बशी हितंच ठेवायचे ते.”
घालू काय बशी? प्रज्वल लगेच.
मी आणि ती एकदमच नको म्हणालो.

तर मी एका महिन्याचे भरलेत. वर्षाचे नाहीत.
पासपोर्टला जुनंच चालू आहे,
स्वित्झर्लंडचं नाव काढायचं नाही असं बजावलंय.
प्रज्वल “बघू की” म्हणतो
आणि कसलीशी वाकडी रेघ वर ओढतो.

काल एक नवरदेव आला, नुसत्या शर्टावर.
जुना कोट उंदरांनी खाल्ला, त्याला झाली बारा वर्षं.
प्रज्वलनं माऊसनं कोट चढवला.
खांद्याला बसला, बगलेत बसला,
कुठं सुरकुती नाही.

मी उठून मॉनिटरच्या मागं गेलो,
टाचण्या बघायला.